वर्ल्ड कप कोराडीत काहून नाई होत?

दोस्तांनो, पावसाळ्यातली एक संध्याकाळ. ठिकाण, नागपूरच्या उत्तरेला असलेलं कोराडी. एका बाजूला वीज केंद्राच्या उंचच उंच चिमण्या, दुसऱ्या बाजूला नुकताच पाऊस पडून गेलेलं मोकळं मैदान. मैदान कसलं, चिखलच तो! आणि त्या चिखलात पंधरा-वीस मुलं-मुली एका फुटबॉलमागे धावत होती. गोलपोस्ट म्हणजे चपलांचे दोन ढीग. रेफरी कुणीच नाही. त्यामुळे प्रत्येक गोलावर पाच मिनिटं भांडण!

मी कडेला उभा राहून पाहत होतो. चेंडू माझ्याकडे आला. मोठ्या ऐटीत तो परत मारायला गेलो, तर तो भलतीकडेच गेला. सगळी पोरं खो खो हसली. झाली ओळख!

अंधार पडू लागला तसा खेळ थांबला. तोंडावरचा चिखल पुसत सातवीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "काका, वर्ल्ड कप आपल्या कोराडीत काहून नाई होत?"

"त्याले स्टेडियम तं पायजे ना!" एका मुलानं तिला लगेच वेड्यात काढलं.

"मंग बांधू ना!" ती म्हणाली.

पुन्हा हशा. मीही हसलो. पण परतीच्या बसमध्ये बसल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. खरंच, का नाही होत? फक्त स्टेडियम नाही म्हणून? की आणखी काही लागतं? त्या मुलीला त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. आज देतो. तुम्हीही ऐका.

आठशे बसगाड्यांचं गणित

आधी स्टेडियमचंच बघू. फुटबॉलची जागतिक संघटना म्हणजे फिफा. २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी यजमान निवडताना फिफानं अट घातली होती, की साखळी सामन्यांच्या स्टेडियममध्ये निदान ४० हजार प्रेक्षक बसले पाहिजेत. आणि अंतिम सामन्याच्या स्टेडियममध्ये निदान ८० हजार!

समजा, अल्लाउद्दिनच्या दिव्यातला राक्षस आला आणि त्यानं एका रात्रीत कोराडीच्या तलावाजवळ ४० हजार खुर्च्यांचं स्टेडियम उभं केलं. झालं काम? छे! खरी गंमत तर आता सुरू होते. वही-पेन्सिल घ्या.

सामना रात्री दहाला संपला. ४० हजार माणसं एकदम बाहेर आली. सगळ्यांना नागपूरला परत जायचंय. एका शहर बसमध्ये ५० माणसं धरा. म्हणजे किती फेऱ्या? ४०,००० भागिले ५०. बरोबर, ८०० फेऱ्या! अगदी दर मिनिटाला एक बस सुटली असं मानलं, तरी ८०० मिनिटं लागतील. म्हणजे १३ तास २० मिनिटं. रात्री दहाला रांगेत उभा राहिलेला शेवटचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी बसमध्ये चढेल! तोवर त्याची शाळाही भरलेली असेल आणि आईनं बोलणीही तयार ठेवलेली असतील.

आता हेच गणित आगगाडीनं करा. मुंबईची बारा डब्यांची लोकल गर्दीच्या वेळी चार हजारांवर माणसं नेते. ४० हजार माणसांना झाल्या दहा लोकल. दर पाच मिनिटांनी एक सोडली, तर तासाभराच्या आत मैदान रिकामं! नागपूरला आता मेट्रो आहे. पण तिची नारंगी मार्गिका खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत धावते, आणि तो चौक कामठी रस्त्यावर. कोराडीला ती येत नाही.

नागपूरकरांना हे गणित समजावून सांगायलाच नको. शहराबाहेर जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना असला, की वर्धा रस्त्यावर काय गर्दी होते ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. सामना तीन-चार तासांचा, पण 'घरी कसं जायचं?' ही चिंता दिवसभराची!

म्हणजे बघा, स्टेडियम हे अर्धंच उत्तर झालं. पाहुणा येणार कसा आणि परत जाणार कसा, हे उरलेलं अर्धं.

कोराडीला हे येतं की!

आता त्या सातवीतल्या मुलीची बाजू घेतो. मोठ्या गर्दीचं यजमानपण कोराडीला नवीन आहे का? मुळीच नाही!

इथल्या श्री महालक्ष्मी जगदंबेच्या देवळात नवरात्रात काय होतं, ते आठवा. नऊ दिवस माणसांची रीघ लागते. नागपुरातून, विदर्भातल्या गावांतून, शेजारच्या मध्य प्रदेशातूनही भाविक येतात. कुणी बसनं, कुणी जीपनं, कुणी चक्क पायी. मग गाड्या लावायच्या कुठे? पायी येणाऱ्यांनी चालायचं कुठून? म्हाताऱ्या आजीला पायऱ्या चढता येत नसतील तर? प्यायचं पाणी, संडास, दवाखाना, हरवलेलं मूल? "निळा शर्ट घातलेला पाच वर्षांचा मुलगा आमच्याकडे आहे" ही लाउडस्पीकरवरची हाक कुणी ऐकली नसेल?

दोस्तांनो, वर्ल्ड कप भरवणाऱ्यांच्या वहीत नेमके हेच प्रश्न असतात. फक्त तिथे हाक पाच-सहा भाषांत द्यावी लागते. म्हणूनच जत्रा नीट पार पाडणारे स्वयंसेवक, पोलीस, सफाई कामगार आणि बसचालक यांच्याकडे एकदा नीट बघा. स्पर्धा भरवण्याचा पहिला धडा तेच गिरवत असतात.

पाहुण्यांचं तिकीट यजमानानं काढलं!

आता जरा लांब जाऊ. आपल्याला थेट दक्षिण अमेरिकेत जायचंय, आणि तेही १९३० सालात.

पहिला फुटबॉल वर्ल्ड कप त्या वर्षी उरुग्वे या छोट्याशा देशात झाला. युरोपातल्या संघांना बोलावणं गेलं. पण तिकडे जायचं कसं? प्रवासी विमानं समुद्र ओलांडत नव्हती. बोटीनं जायला सुमारे दोन आठवडे, यायला तितकेच. दोन-अडीच महिने नोकरी सोडून कोण जाणार? उरुग्वेनं जाहीर केलं, "तुमचा प्रवास आणि राहणं, सगळा खर्च आमचा!" तरीही युरोपातून फक्त चार संघ गेले. रुमानिया, फ्रान्स आणि बेल्जियम हे तीन संघ 'काँते व्हेर्दे' नावाच्या एकाच बोटीनं निघाले. खेळाडू डेकवर धावून व्यायाम करत. वाटेत रिओ बंदरात ब्राझीलचा संघही त्याच बोटीत चढला. युगोस्लाव्हियाचा संघ दुसऱ्या बोटीनं पोहोचला. इजिप्तलाही जायचं होतं, पण वादळामुळे त्यांची बोट चुकली आणि वर्ल्ड कपही चुकला!

एकूण संघ आले १३. स्पर्धेसाठी बांधलेलं मोठं स्टेडियम पहिल्या दिवशी पुरं झालंच नव्हतं. सुरुवातीचे सामने दुसऱ्या मैदानांवर खेळवले गेले. म्हणजे स्टेडियमशिवाय वर्ल्ड कप सुरू होऊ शकला, पण पाहुण्यांशिवाय झाला असता का? तुम्हीच सांगा.

वर्ल्ड कप महाराष्ट्रात आला

'हे सगळं परदेशातलं' असं म्हणू नका. फिफाचा एक वर्ल्ड कप आपल्या महाराष्ट्रातही होऊन गेलाय, बरं का!

६ ते २८ ऑक्टोबर २०१७ या काळात १७ वर्षांखालील मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला. २४ देश, ५२ सामने, सहा शहरं. दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, गोव्यातलं मडगाव आणि आपली नवी मुंबई. त्याआधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळावं, असा मोठा उपक्रम सरकारनं केला होता. तुमच्या दादा-ताईला विचारा, त्यांच्या शाळेतही त्या दिवशी फुटबॉल उडाला असेल!

भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला. आणि अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हा मराठी मुलगाही होता. भारत तिन्ही सामने हरला, पण कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं हेडरनं गोल केला. फिफाच्या वर्ल्ड कपमधला भारताचा तो पहिला गोल! अंतिम सामना कोलकात्यात झाला. इंग्लंड स्पेनविरुद्ध दोन गोलांनी मागे पडला होता, तरी ५-२ असा जिंकला. त्या इंग्लंड संघातला फिल फोडेन हा मुलगा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे तो मँचेस्टर सिटीचा मोठा खेळाडू झाला.

पूर्ण स्पर्धेला प्रेक्षक किती आले असतील? १३ लाख ४७ हजार १३३! या वयोगटाच्या स्पर्धेतला तोवरचा तो विक्रम होता. १९८५ साली चीनमध्ये झालेला विक्रम भारतानं मोडला.

समजा, कोराडीच्या मुलांना नवी मुंबईतला सामना बघायचा असता, तर? आधी कोराडीहून नागपूर स्टेशन. मग विदर्भ एक्स्प्रेससारखी रात्रीची गाडी. आठशे किलोमीटरहून जास्त प्रवास. सकाळी ठाण्याला उतरायचं, तिथून लोकलनं नेरूळ. डी. वाय. पाटील स्टेडियम नेरूळ स्टेशनपासून फार लांब नाही. तिथे सामने संध्याकाळी पाच आणि रात्री आठ वाजता होते. दुसरा संपेपर्यंत दहा वाजायचे. मग रात्री मुक्काम कुठे? बरोबर मोठं माणूस कोण? दोन दिवसांची शाळा? तिकीट स्वस्त असेलही, पण प्रवासाचं काय?

बघितलंत? स्टेडियमचं फाटक सगळ्यांना उघडं असतं. पण काही जणांच्या घरापासून त्या फाटकापर्यंत वाट सरळ असते, तर काहींची फार लांबची.

पावसानं सामना पळवला

त्याच २०१७ च्या स्पर्धेत एक अजब घडलं. ब्राझील आणि इंग्लंड यांचा उपांत्य सामना २५ ऑक्टोबरला गुवाहाटीला व्हायचा होता. पण पावसानं तिथल्या मैदानाची पार दैना केली. दोन दिवस आधी, २३ तारखेला, निर्णय झाला की सामना कोलकात्यात हलवायचा!

कोलकात्यात आनंदीआनंद. तिकिटं भराभर संपली आणि साठ हजारांवर प्रेक्षक जमले. इंग्लंडनं ३-१ नं सामना जिंकला. छान! पण गुवाहाटीच्या मुलांचं काय? उपांत्य सामना आपल्या गावात होणार म्हणून ज्यांनी महिनाभर दिवस मोजले, त्यांचं काय? आयोजकांनी तिकिटाचे पैसे परत देऊ असं सांगितलं. पण दूरच्या डोंगराळ गावातून आलेल्या माणसाचं बसभाडं? लॉजची खोली? मोडलेला बेत?

मैदान खराब असताना सामना हलवणं बरोबरच होतं. खेळाडूंचे पाय मोडले असते. पण चांगला यजमान एवढ्यावर थांबत नाही. 'पाहुणा वाटेत असताना बेत बदलला, तर त्याला कोण सांभाळणार?' हे तो आधीच ठरवून ठेवतो.

देशाचं दार

आतापर्यंत आपण बस, बोट आणि रेल्वे पाहिली. परदेशी पाहुण्याला आणखी एक दार ओलांडावं लागतं. त्या दाराचं नाव व्हिसा. व्हिसा म्हणजे 'आमच्या देशात या' अशी परवानगी. स्वतःच्या देशाचा पासपोर्ट हातात असला, तरी पुष्कळदा दुसऱ्या देशाचा व्हिसा लागतो. तो मिळायला कधी चार दिवस लागतात, कधी कित्येक महिने, आणि कधी नकार मिळतो.

मग सामन्याचं तिकीट काढलेल्या माणसानं काय करायचं? वेगवेगळ्या यजमानांनी वेगवेगळी उत्तरं शोधली.

रशियानं २०१८ च्या वर्ल्ड कपला तिकीट असलेल्या प्रेक्षकांना गळ्यात अडकवायचं एक ओळखपत्र दिलं. त्याला म्हणत 'फॅन आयडी'. ते असलं की वेगळा व्हिसा नको! शिवाय सामन्याच्या एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला खास रेल्वेगाड्या, त्याही फुकट. कालिनिनग्राद ते येकातेरिनबुर्ग हे अंतर जवळजवळ अडीच हजार किलोमीटर. सामने सगळे त्यांच्या दरम्यान पसरलेले.

२०२२ चा वर्ल्ड कप कतारमध्ये झाला. तिथे असंच 'हय्या' नावाचं कार्ड होतं. अरबी भाषेत हय्या म्हणजे 'चला!' ते कार्ड दाखवून देशात शिरायचं, स्टेडियममध्ये शिरायचं आणि मेट्रोतही फुकट बसायचं. देश एवढा छोटा, की एकाच दिवशी दोन स्टेडियममध्ये दोन सामने बघता येत. जर्मनीनं २०२४ च्या युरोपीय स्पर्धेत आणखी सोपं केलं. सामन्याच्या तिकिटाबरोबर ३६ तास शहरातल्या बस आणि लोकलचा पास!

२०२६ चा वर्ल्ड कप मात्र एका देशाचा नाही. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको असे तीन यजमान. ४८ संघ, १०४ सामने, १६ शहरं. तारखा ठरल्या ११ जून ते १९ जुलै. तिन्ही देशांत सामने बघायचे, तर तिन्ही देशांचे नियम पाळायचे. भारतीय माणसाला तर अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखतीच्या तारखेची वाट पाहण्यापासून सुरुवात. गर्दी लक्षात घेऊन, तिकीट घेतलेल्यांना मुलाखतीची तारीख लवकर मिळावी अशी एक सोय अमेरिकेनं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केली. पण मुलाखत लवकर म्हणजे व्हिसा नक्की, असं मात्र नाही.

आणि एक गोष्ट नीट वाचा. जून २०२५ मध्ये अमेरिकेनं १२ देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली. त्यात इराण होता आणि हैतीही होता. या दोन्ही देशांचे संघ वर्ल्ड कपला पात्र ठरले! हैती तर १९७४ नंतर प्रथमच. खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचे जवळचे नातेवाईक यांना नियमातून सूट दिली गेली. साध्या प्रेक्षकांना नाही. देशानं आपल्या सुरक्षिततेचे नियम करावेत, तो त्याचा हक्क आहे. पण मनाशी विचार करा. तुमचा संघ अर्ध्या शतकानं वर्ल्ड कपमध्ये उतरतोय आणि तुम्हाला मात्र टीव्हीसमोरच बसायचंय. कसं वाटेल?

बोखाऱ्याच्या मैदानावरून

"पण काका, आमचा आणि व्हिसाचा काय संबंध?" असं कोराडीची मुलं म्हणतील. तर मग चला, कोराडी रस्त्यानं थोडं पुढे-मागे करून बोखारा गावात जाऊ.

२००१ सालची गोष्ट. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांना भर पावसात झोपडपट्टीतली काही मुलं एक फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. बारसे सरांनी त्यांना फुटबॉल दिला. मग झोपडपट्टीतल्या मुलांची स्पर्धा भरवली, आणि त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. तिचं मैदान बोखाऱ्याला आहे. २०१६ साली फिफानं या संस्थेला आपला विविधता पुरस्कार दिला. 'झुंड' हा २०२२ सालचा सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो बारसे सरांच्याच कामावर बेतलेला आहे.

आता ऐका. जगात 'होमलेस वर्ल्ड कप' नावाची एक स्पर्धा होते. ज्यांना घर नाही किंवा ज्यांचं घर धड नाही, अशांची ही स्पर्धा. एका संघात मैदानावर चौघंच. सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. स्टेडियम लागतच नाही. शहराच्या मुख्य चौकात किंवा बागेत तात्पुरतं मैदान मांडतात आणि प्रेक्षकांना फुकट प्रवेश! पहिली स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात झाली. पुढे रिओच्या समुद्रकिनारी, पॅरिसमध्ये, मेक्सिको शहरातही झाली. आणि नागपूरच्या गल्लीत खेळणारी मुलं भारताची जर्सी घालून या स्पर्धेत उतरली!

पण तिथवर पोहोचणं सोपं नव्हतं. पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा लागतो, पत्त्याचा पुरावा लागतो. आता ज्याचं घरच कागदावर नाही, त्यानं पत्ता काय लिहायचा? 'झुंड'मध्ये एक मुलगी आणि तिचे वडील ओळखीच्या एका कागदासाठी कशी वणवण करतात, ते आठवतं ना? पायात कितीही जादू असली, तरी कागद नसेल तर विमानाच्या दारात थांबावं लागतं.

आणि हे एकट्या नागपूरचं दुखणं नाही. २००५ सालचा होमलेस वर्ल्ड कप अमेरिकेत, न्यू यॉर्कला व्हायचा होता. न्यू यॉर्क! तिथे कशाची कमतरता असणार? मैदानं आहेत, विमानतळ आहेत, भुयारी रेल्वे आहे. पण अनेक देशांच्या खेळाडूंना व्हिसा मिळणं अवघड होऊन बसलं. शेवटी काय केलं? स्पर्धाच हलवली! ती झाली स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात, किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या बागेत. न्यू यॉर्कसारखं महानगर मागे राहिलं आणि एक बाग यजमान झाली. कारण त्या बागेपर्यंत पाहुण्यांना पोहोचता आलं!

रिकाम्या खुर्च्या

पाहुणे आलेच नाहीत तर स्पर्धा कशी दिसते? तेही आपल्या महाराष्ट्रानं पाहिलंय.

जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये महिलांची आशियाई फुटबॉल स्पर्धा नवी मुंबई, मुंबई आणि पुणे इथे झाली. तेव्हा कोरोनाची साथ होती. प्रेक्षकांना बंदी. एवढंच काय, भारताच्या इतक्या खेळाडूंना कोरोना झाला, की मैदानात उतरवायला पुरेसा संघच उरला नाही. यजमानालाच स्वतःच्या स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं! अंतिम सामन्यात चीननं दक्षिण कोरियाला ३-२ नं हरवलं. काय थरारक सामना! पण टाळ्या वाजवायला स्टेडियम भरलेलं नव्हतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत झाला. तोही हुकता हुकता राहिला. भारतीय फुटबॉल महासंघाच्या कारभारातल्या गोंधळामुळे फिफानं ऑगस्टमध्ये त्याला निलंबित केलं होतं. ११ दिवसांनी निलंबन उठलं आणि स्पर्धा वाचली. ३० ऑक्टोबरला नेरूळच्या मैदानावर स्पेननं कोलंबियाला १-० नं हरवून कप उचलला. या वेळी मात्र गॅलरीत प्रेक्षक होते. शाळेतल्या मुलीही होत्या. आपल्याच वयाच्या मुली वर्ल्ड कप उचलताना त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या.

तर मग उत्तर काय?

कोराडीच्या माझ्या मैत्रिणी, आता तुझं उत्तर.

मोठा वर्ल्ड कप कोराडीत होत नाही, कारण ४० हजार माणसांना आणायची, झोपवायची आणि सुखरूप परत पोहोचवायची सोय आज इथे नाही. एकटं स्टेडियम बांधून ती होणार नाही. ते बांधणं, खरं सांगायचं तर, त्यातल्या त्यात सोपं काम. पण जगात असा वर्ल्ड कपही आहे, जो चौकात आणि बागेत खेळतात. त्याला हवं असतं छोटंसं मैदान, मोकळी जागा आणि उघडं दार. तुझ्या गावाशेजारच्या बोखाऱ्याला त्या स्पर्धेची वाट आधीच ठाऊक आहे!

तेव्हा "काहून नाई?" हे विचारणं सोडू नकोस. फक्त त्याच्या पुढे आणखी एक प्रश्न जोड. "पाहुणे येतील कसे, आणि घरी जातील कसे?" हा दुसरा प्रश्न ज्याला पडतो, तोच पुढे खरा यजमान होतो.

चौकट: तुम्ही यजमान झालात तर?

दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या गावच्या किंवा वस्तीच्या संघाला आपल्या मैदानावर बोलवा. चार संघ पुरेत. पण चेंडू आणण्याआधी वहीत ही उत्तरं लिहा :

१. पाहुणे कशानं येतील? सायकल, बस की पायी? शेवटची बस किती वाजता?

२. सामना त्या बसच्या आधी संपेल ना? पाऊस आला तर निरोप कोण आणि कसा देणार?

३. पिण्याचं पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे?

४. कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणारा मित्र सामना कुठून बघेल? पुढची जागा त्याची!

५. कुणाला लागलं तर मलमपट्टी कोण करेल? दवाखाना किती लांब?

६. एखाद्या मुलाकडे भाड्याचे पैसे नसतील, तर तो येऊ शकेल का? उरुग्वेनं काय केलं होतं, आठवा!

७. अंधार पडण्याआधी प्रत्येक पाहुणा घरी पोहोचला, हे कोण तपासणार?

आणि आई-बाबांनो, एक काम तुमच्यासाठी. मुलांचा जन्माचा दाखला आणि ओळखीचे कागद नीट जपून ठेवा. नावातली, तारखेतली चूक आजच दुरुस्त करून घ्या. कोणत्या पोराला कधी कुठल्या देशाचं बोलावणं येईल, काही सांगता येत नाही. तेव्हा ते कागदासाठी अडायला नको!